सोनखताचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



माणसाच्या मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. शेणखत, लेंडीखत, पाल्याचे खत, यांपैकी कोणालाही सोन्याचा मान मिळालेला नाही. पण ज्या समाजाने या खताला सोन्याचे नाव दिले, त्याच समाजाने ते वाहून नेणाऱ्या माणसाला गावाच्या कडेला बसवले आणि त्याचा स्पर्श विटाळ मानला. माल सोन्याचा आणि हमाल अस्पृश्य! या विसंगतीकडे आपण आजवर सामाजिक अन्याय म्हणून पाहत आलो आणि ते योग्यच होते. परंतु ती एक आर्थिक व्यवस्थाही आहे. त्या व्यवस्थेचा जमाखर्च आज आपल्यापुढे मांडावा, असे मी योजले आहे. विषय ऐकून कोणी नाकाला रुमाल लावू नये, एवढी विनंती.

प्रथम या विषयाची निकड पाहू. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविणारा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे सुरू झाला. तोपर्यंत जगातील शेती मुख्यतः एकाच तत्त्वावर उभी होती: जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत करावयाचे. रासायनिक खताने हा नियम मोडता येतो असे दिसू लागले. मी रासायनिक खताचा शत्रू नाही. त्याच्यामुळे कोट्यवधी तोंडांना अन्न मिळाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, पिके कोसळली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. रोमँटिक अर्थकारणाची किंमत तेथील शेतकऱ्याने मोजली. तो मार्ग आपला नव्हे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या देशाला लागणारे पालाश जवळजवळ सर्व परदेशांतून येते. स्फुरदासाठी लागणारा कच्चा माल बहुतांशी बाहेरचा. जगातील ज्ञात स्फुरद-खनिजापैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा येथे एकवटलेला आहे. युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचाही मोठा भाग आयात होतो. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याचे चटके विदर्भ-मराठवाड्यातील खताच्या दुकानापर्यंत पोहोचले. २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचे खत-अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. ज्या शेतीचे खत जागतिक बाजाराच्या लहरीवर अवलंबून आहे, तिला स्वावलंबी म्हणणे कठीण.

आणि याच वेळी आपण काय करतो? लातूरची डाळ, नगरची ज्वारी, नाशिकचा भाजीपाला पुण्या-मुंबईला जातो. त्या मालाबरोबर त्या शिवारातील नत्र, स्फुरद आणि पालाशही शहरात जाते. तेथे ते माणसाच्या पोटातून गटारात, गटारातून मुळा-मुठेत किंवा अरबी समुद्रात जाते. खेड्यातून शहराकडे हा एकेरी प्रवाह अखंड चालू आहे. आपण खेड्याच्या शोषणाविषयी बोलताना भाव, कर्ज आणि व्याज यांची चर्चा करतो. मातीतून होणारी ही निर्यात मात्र कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही. शंभरदीडशे वर्षांपूर्वी लंडन शहर टेम्स नदीत हेच करीत होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मार्क्सनेही 'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात लंडनच्या या उधळपट्टीची दखल घेतली. त्या काळी इंग्लंडने स्वतःचे खत नदीत सोडले आणि जमिनीची भूक भागविण्यासाठी पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांतून पक्ष्यांची विष्ठा जहाजे भरभरून आणली. ती खणण्यासाठी करारबद्ध चिनी मजूर राबवले गेले. खताचा प्रश्न आणि गुलामीचा प्रश्न यांची सांगड अशी जुनी आहे.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. भारतीय आहाराचा विचार करता एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सरासरी सुमारे २.७ किलो नत्र आणि ०.४ किलो स्फुरद बाहेर पडते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. यातील बहुतेक नत्र, २.७ पैकी सुमारे २.३ किलो, मूत्रात असते. १४० कोटी लोकसंख्येने गुणले तर जवळजवळ ३८ लाख टन नत्र होते. देशातील शेती रासायनिक खतांच्या रूपाने वर्षाला सुमारे २०० लाख टन नत्र वापरते. म्हणजे सगळेच्या सगळे मलमूत्र शेतात गेले, तरी गरजेचा पाचवा हिस्साही भरून निघणार नाही. शिवाय साठवणुकीत नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. तेव्हा सोनखत हे युरियाची जागा घेईल, असे जे सांगतात ते भाबडे आहेत. पण जी जमीन सेंद्रिय कर्बासाठी आसुसली आहे आणि जिचे स्फुरद परदेशांतून यावयाचे आहे, तिच्यासाठी हा हिस्सा क्षुल्लकही नाही.

त्याची किंमत किती? शेतकऱ्याला युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात पावणेएकवीस किलो नत्र असते. म्हणजे सात-आठ माणसांच्या वर्षभराच्या मलमूत्रात जेवढे नत्र, तेवढे एका गोणीत. या भावाने एका माणसाच्या वर्षभराच्या नत्राची किंमत होते सुमारे ३५ रुपये. अनुदान नसते तर तीच गोणी सुमारे २४५० रुपयांना पडली असती, असे २०२२ साली सरकारनेच सांगितले होते. त्या भावाने हिशेब केला तर ३५ रुपयांचे सुमारे ३२० रुपये होतात. हे दोन आकडे कृपया लक्षात ठेवा. माझे पुढचे सारे म्हणणे त्यांच्यावर उभे आहे.

सोनखताचे गुण गाताना पूर्वेकडील देशांचा दाखला नेहमी दिला जातो. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९०९ साली चीन, कोरिया आणि जपानचा प्रवास केला. त्यांचे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. शतकानुशतके तीच जमीन कसूनही तिचा कस टिकला याचे एक मोठे कारण त्यांना मैल्याच्या खतात दिसले. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने १९०८ साली ७८,००० टन मैला उचलण्याचा मक्ता एका चिनी कंत्राटदाराला ३१,००० डॉलरहून अधिक रकमेला विकला, अशी नोंद त्यांनी केली आहे. मैला उचलण्यासाठी नगर पैसे देत नव्हते, तर घेत होते! जपानमधील ओसाका शहरात तर भाडेकरूच्या विष्ठेवर घरमालकाचा हक्क असे आणि मूत्र तेवढे भाडेकरूचे. हे वाचून आपल्याकडील निसर्गप्रेमी मंडळी हरखून जातात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. या व्यवहारात नगर आहे, मक्तेदार आहे, घरमालक आहे. पहाटेच्या अंधारात पिंप खांद्यावर घेऊन जाणारा माणूस कोठे आहे? त्याच्या वाट्याला त्या ३१,००० डॉलरपैकी काय आले?

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर जातीने दिले. मुंबई इलाख्यातील अनेक नगरपालिका मैला राखेत आणि केरात कालवून शेतकऱ्यांना विकत असत. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करून कंपोस्टची शास्त्रीय पद्धत बसवली. पुढे १९३९च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी शहरी केर आणि मैला यांचे खत करण्याची बंगलोर पद्धत तयार केली. विज्ञान पुढे गेले. परंतु खड्ड्यापर्यंत मैला पोहोचविण्याचे साधन तेच राहिले: टोपली, खराटा आणि विशिष्ट जातीत जन्मलेल्या स्त्रीचे डोके. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत बंद करावी, ही तिची शिफारस. १९६० साली मलकानी समितीने पुन्हा तेच सांगितले. एकच गोष्ट दोन-दोन समित्यांना सांगावी लागते, तेव्हा अज्ञान हे कारण नसते. कोणाचा तरी पैसा वाचत असतो.

या संदर्भात आपल्या महाराष्ट्रातील एका थोर माणसाचे स्मरण केले पाहिजे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले. ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी आपला आहार तोडला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी १९३२च्या डिसेंबरात उपवास आरंभला. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. त्यांच्या डोळ्यांपुढे खत आणि 'भंगीमुक्ती' हे दोन विषय नव्हते. संडासाची रचनाच अशी हवी की कोणाला कोणाचा ओला मैला उचलावा लागू नये, हे त्यांचे सूत्र होते. तथापि केवळ सवर्णाने हातात झाडू घेतल्याने प्रश्न सुटत नाही. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून गौरवणे म्हणजे ते करणाऱ्याला त्यातच डांबून ठेवणे होय, ही डॉ. आंबेडकरांची टीका आपण समाजवाद्यांनी पुरती पचवलेली नाही. जात नुसती कामे वाटत नाही, ती श्रमिकालाच श्रमिकापासून तोडते, असे त्यांनी १९३६ सालीच बजावले होते.

आता त्या ३५ रुपयांकडे परत येऊ. सोनखताच्या विक्रीतून त्याची वाहतूक, प्रक्रिया आणि मजुरी भागावी, असे गणित मांडले तर ते कधीही जुळत नाही. माल जड, पाणचट आणि दूरवर नेण्यास महाग. भाव मात्र अनुदानित युरियाने ठरवलेला. मग ते पूर्वी कसे जुळत होते? मजुरी जवळजवळ शून्यावर आणून. जातीने एक माणूससमूह असा राखून ठेवला होता की ज्याला दुसरे काम मिळणारच नव्हते. म्हणून माझा आजचा मुख्य मुद्दा असा: मैल्याचे व्यवस्थापन 'स्वतःच्या पायावर उभे राहावे', 'खतविक्रीतून खर्च निघावा' अशी अट जो घालतो, तो कळत वा नकळत जातीच्या फुकट श्रमांची मागणी करीत असतो. मैल्याची विल्हेवाट ही सार्वजनिक आरोग्याची सेवा आहे. तिचा खर्च, आणि त्यातील पूर्ण सन्मानाची मजुरी, सार्वजनिक तिजोरीतून आली पाहिजे. खत हे त्या सेवेचे उपउत्पादन होय. कारखान्यातील नत्रासाठी सरकार माणशी पावणेतीनशे रुपयांच्या हिशेबाने भार सोसते, तर शिवारातून आलेले नत्र शिवारात परत नेण्यासाठी त्याचा हात आखडता का?

येथे आरोग्याचा आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. कच्चा मैला शेतात टाकणे म्हणजे रोग पेरणे होय. १९७० साली जेरुसलेममध्ये पटकीची साथ आली, ती सांडपाण्यावर पिकवलेल्या कच्च्या भाज्यांतून पसरली होती. जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात. परंतु उपायही ज्ञात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्यासारख्या उष्ण हवामानात मैला वर्षाहून अधिक काळ नवी भर न घालता कुजू द्यावा, किंवा त्याचे कंपोस्ट आठवडाभर तरी ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे. मूत्र बंद भांड्यात सहा महिने ठेवले म्हणजे सर्व पिकांना चालते. खत मातीत गाडावे, शेवटचा हप्ता आणि काढणी यांत महिनाभर अंतर ठेवावे, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांबाबत विशेष सावध राहावे. एक भेद मात्र कटाक्षाने पाळला पाहिजे. घरचा मैला वेगळा आणि शहराच्या गटाराचा गाळ वेगळा. त्या गाळात कारखान्यांतील जड धातू आणि रसायनेही येतात. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ साली असा गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली, ती न विघटणारी रसायने जमिनीत आणि पाण्यात उतरल्यामुळेच. शेतकऱ्याच्या जमिनीला खताच्या नावाखाली शहराची कचराकुंडी करू देता कामा नये.

आजची परिस्थिती काय आहे? २०१४ ते २०१९ या काळात ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली, असे सरकारी आकडे सांगतात. त्यांपैकी दोन शोषखड्ड्यांची रचना ही खताच्या दृष्टीने आदर्श होय. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवावयाचा. तोवर पहिल्याचे वर्ष-दीड वर्षात निर्धोक, वास नसलेले खत होते. २०१७च्या फेब्रुवारीत केंद्राचे तत्कालीन स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे स्वतः खड्ड्यात उतरून असे खत काढून दाखवले. कृती स्तुत्यच होती. पण तिची गरज का पडली? खड्डा उपसणे हे 'त्यांचे' काम, अशी धारणा असल्यामुळे लोक लहान खड्ड्याचा संडास वापरायला कचरतात किंवा भलामोठा खड्डा खणतात, असे डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. जातीची भीती थेट संडासाच्या बांधकामात उतरली आहे!

शहरांत आणि बाजारगावांत तर सेप्टिक टाक्यांचे राज्य आहे. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. पूर्ण कुजण्याआधीचा मैला हाताळायला लावणे गुन्हा, आणि संरक्षक साधनांवाचून गटारात वा टाकीत उतरवणेही गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३च्या ऑक्टोबरात ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसे टाक्यांत गुदमरून मरतात. आणि २०२१च्या जुलैत राज्यसभेत सरकारने काय सांगितले? हाताने मैला वाहण्यामुळे एकही मृत्यू झालेला नाही. गटार व टाकी साफ करताना झालेले मृत्यू हा वेगळा प्रकार! व्याख्या बदलली की मुडदे नाहीसे होतात, हे सांख्यिकीचे नवे तंत्र म्हणावे लागेल.

तथापि सारेच चित्र निराशेचे नाही. बंगळूरच्या आसपास सेप्टिक टाक्या यंत्राने उपसणारे टँकरवाले तो गाळ शेतकऱ्यांना देत आले आहेत. मागणी आहे, हे त्यावरून सिद्ध होते; प्रक्रियेशिवाय तो देणे धोक्याचे आहे, हेही तितकेच खरे. त्याच शहराजवळ देवनहळ्ळी येथे २०१५ साली या गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले आणि तेथे त्याचे कंपोस्ट होऊ लागले. आपल्या राज्यात वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८-१९च्या सुमारास सर्व घरांच्या टाक्या पाळीपाळीने, ठरावीक मुदतीत यंत्राने उपसून गाळ प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत सुरू केली. टाकी तुंबल्यावर हाताला लागेल तो गरजू माणूस पकडून आणायचा, ही रीत बंद करावयाची तर मार्ग हाच आहे. नियमित, यांत्रिक आणि सार्वजनिक सेवा.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? मला चार गोष्टी सुचतात. पहिली: आपल्या गावातील टाक्या कोण उपसतो, कशाने उपसतो, त्याला किती मजुरी मिळते आणि गाळ कोठे ओतला जातो, याची पाहणी करा. हा अहवाल कोणत्याही सरकारी समितीच्या अहवालाहून अधिक बोलका ठरेल. दुसरी: या कामातील कंत्राटदारी बंद करून कामगारांना नगरपरिषदेच्या कायम सेवेत घ्यावे, यंत्रे आणि संरक्षक साधने द्यावीत, आणि त्यांच्या मुलांनी याच कामात यावे अशी कोणतीही योजना असू नये, ही मागणी लावून धरा. तिसरी: खत-अनुदानाचा एक भाग तपासलेल्या, प्रमाणित सोनखताच्या वाहतुकीसाठी आणि खरेदीसाठी राखून ठेवला जावा, आणि तपासणीचा दाखला नसलेले खत शेतकऱ्याच्या माथी मारता येऊ नये. चौथी: ज्यांच्या घरी दोन खड्ड्यांचा संडास आहे, त्यांनी कुजून तयार झालेले खत स्वतः काढावे आणि स्वतःच्या शेतात घालावे. ते पुण्यकर्म म्हणून नव्हे आणि छायाचित्रासाठी तर नव्हेच. आपले काम आपण करावे, एवढ्याच साध्या न्यायाने.

जमिनीचे देणे फेडलेच पाहिजे. पण त्याआधी एक जुने देणे आहे. हे सोने ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून वाहिले आणि ज्यांच्या मजुरीचा रकाना आपण कोराच ठेवला, त्यांचे. जो हिशेब मातीचे नत्र मोजतो आणि माणसाचे श्रम मोजत नाही, त्या हिशेबावर समाजवाद्यांनी सही करू नये.